परदेशी ग्राहकाला ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिताय?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून रोज कितीतरी मेल बाहेर जातात आणि बऱ्याच मेलच्या शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ असतं. आपल्याकडे त्याचा अर्थ सरळ ‘उत्तर द्या’. मुंबई-दिल्लीत खुशाल वापरा, काही इंग्रजी शब्दकोशांनीही हा अर्थ भारतीय वापर म्हणून नोंदवलाय. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस ‘रिव्हर्ट’ म्हणजे ‘पूर्वीच्या स्थितीला परत जाणे’ असंच समजतो.

मूळ लॅटिन आहे: ‘रे’ म्हणजे मागे, ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणे. कन्व्हर्ट, डायव्हर्ट याच घरातले. आपल्या आवर्तन, परिवर्तन यांतला ‘वृत्’ धातूही याच कुळातला, हे मला फार आवडतं.

फौंड्रीवाल्यांनी मात्र जपून. समजा, कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) ड्रॉइंगची रिव्हिजन ‘सी’, म्हणजे ‘बी’नंतरची सुधारित आवृत्ती, चालू आहे आणि तुम्ही लिहिलंत, ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग’. समोरच्याला वाटू शकतं, हे जुन्या ‘बी’वर जायला सांगतायत की काय! पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना, बदलण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. तिथे ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे’ किंवा ‘लेट अस नो’ लिहा. खरंच जुन्या रिव्हिजनवर जायचं असेल, तेव्हा ‘रिव्हर्ट टू रिव्हिजन बी’ अगदी बरोबर.

‘रिव्हर्ट बॅक’ तर कुठेच नको, ‘रे’मध्ये ‘बॅक’ आलंच की.