जुनी बॉक्सस्टर रोज चालवायची असेल तर
१९९६ ते २००४ या काळात तयार झालेली पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्सस्टर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आज युरोप-अमेरिकेत बेताच्या किमतीत मिळत असली, तरी तिच्या सुट्या भागांचे दर मात्र पोर्शेचेच असतात. मॅन्युअल गाडीचा क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्यामुळे फ्लायव्हीलमागचे (क्लच बसतो त्या जड चाकामागचे) इंटरमीडिएट शाफ्टचे, म्हणजे इंजिनातल्या एका मधल्या दांड्याचे बेअरिंग, जे तुटल्यास इंजिनच बाद होऊ शकते, आणि क्रँकशाफ्टचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्यावे, नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा सगळी मजुरी भरावी लागते. पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे अडकलेला पालापाचोळा पानगळ संपताच काढावा, कारण तो ओला राहून एसीचा कंडेन्सर व रेडिएटर गंजवतो (हे काम जवळजवळ फुकटातले). मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्याने त्यांची अदलाबदल करता येत नाही, हेही हिशेबात धरावे.