स्पाइक गार्ड घेताना आत काय आहे ते बघा

साध्या स्पाइक गार्डमध्ये बहुधा एमओव्ही असते, म्हणजे झिंक ऑक्साइडची चकती. व्होल्टेज उसळलं की ती नॅनोसेकंदांत करंट न्यूट्रलकडे किंवा अर्थकडे वळवते. तरी २७५ व्होल्टची २० मिमी चकती १०० अँपिअरच्या स्पाइकला सुमारे ७०० व्होल्ट पुढे सोडतेच, आणि मोठ्या फटक्यांनी झिजत जाते. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांवर चकत्या असलेलाच गार्ड घ्या.

गॅस ट्यूब, म्हणजे फटका आला की आतला वायू पेटून करंट वळवणारी नळी, मोठा करंट पेलते, पण पेटायला उशीर लावते. फेजवर एकटी बसवली तर पेटल्यावर विझतच नाही, म्हणून तिची जागा न्यूट्रल-अर्थमध्ये किंवा एमओव्हीच्या सिरीजमध्ये. सिरीज प्रकारच्या गार्डमध्ये लाइनमध्येच बसवलेली जाड कॉइल फटका अडवते आणि तो अर्थवर ढकलत नाही. महाग आणि जड असली तरी चांगल्या ऑडिओ-टीव्ही सेटला हीच योग्य.

न्यूट्रल तुटला तर मात्र यातलं काहीही पुरत नाही. घरात ४०० व्होल्टपर्यंत येतात, तेही सतत. एमओव्ही तापून जळते. त्यासाठी डीबीत, म्हणजे घराच्या मेन स्विचबोर्डात, २७० व्होल्टच्या आसपास लाइन तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ हवा. स्टॅबिलायझरचा रिले स्पाइकसाठी फारच संथ.

डीबीतच टाइप २ एसपीडी (अख्ख्या घरासाठीचं स्पाइक अडवणारं उपकरण) बसवून घ्या: ३२० व्होल्ट, २० किलोअँपिअर. फेज आणि अर्थ दोन्हीकडच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लांब वायरीवरच शेकडो व्होल्ट उभे राहतात. काम वायरमनकडून, मेन बंद करून.

त्याआधी, लोड चालू असताना, मल्टिमीटरने अर्थिंग तपासा. फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल अर्थला जोडलेला असू शकतो, आणि तो जिवावर बेतणारा उद्योग आहे.

अ‍ॅम्प्लिफायर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, सबवूफर सगळे एकाच गार्डवर घ्या. सबवूफर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर असेल तर फटक्याच्या वेळी दोन अर्थमधला फरक आरसीए केबलमधून (आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या वायरीतून) वाहतो आणि इनपुट बोर्ड जातो. स्पीकरमधून हम (सततची घूं घूं) येतो म्हणून अर्थची पिन कापू नका.

वळवाचे ढग गडगडू लागण्याआधीच प्लग, डिशची केबल आणि लॅन तिन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.