एअरबॅगचा दिवा विझत नाही? या चुका टाळा

चावी फिरवली की मीटरमध्ये बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर फुगा, असं चित्र पाच-सात सेकंद पेटतं आणि आपोआप विझतं. तेवढ्या वेळात यंत्रणा स्वतःची तपासणी उरकते. दिवा तसाच राहिला किंवा चालत्या गाडीत पेटला, तर कुठेतरी बिघाड आहे आणि धडक बसल्यावर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. गाडी मात्र नेहमीसारखी पळते, म्हणून काम लांबणीवर पडतं.

पहिला संशय पुढच्या सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरवर घ्या. वॉशिंगला व्हॅक्यूम मारताना किंवा सीटखाली छत्री-बाटली कोंबताना तो ढिला होतो. इथेच पहिली चूक होते: चावी चालू ठेवून तो हलवून बघितला जातो आणि आणखी एक बिघाड नोंदला जातो. आधी चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि निदान तीन मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून कंट्रोल युनिटमधल्या (एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणाऱ्या डब्यातल्या) कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर कधीही लावू नका. ओहम मोजायला मीटर जो करंट सोडतो, त्याने ती फुटू शकते. या सर्किटचा रोध जेमतेम दोन-तीन ओहम असतो आणि कच्च्या जोडाने वाढलेला थोडा रोधही बिघाड धरला जातो, त्यामुळे उंदराने कुरतडलेली वायर पिळून टेप गुंडाळली तरी दिवा जात नाही. कंपनीने सांगितलेली दुरुस्तीची पद्धत वापरा, नाहीतर हार्नेसच, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगाच, बदला.

दिव्याबरोबर हॉर्न आणि स्टीअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील, तर बहुधा क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टीअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, तुटलंय. नवं बसवताना चाकं सरळ हवीत आणि स्प्रिंग मधोमध. लॉक पिन आधीच काढून ते कुणी फिरवलं असेल, तर पहिल्याच पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटते, पैसे पाण्यात. काढलेली एअरबॅग टेबलावर ठेवताना कव्हरची बाजू वर ठेवा. उलटी ठेवली आणि चुकून फुटली, तर आख्खी वस्तू उसळते.

स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड ‘बी’चे. ते वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजात जा, आणि कोड पुसण्याआधी लिहून घ्या. कारण न शोधता पुसलेला कोड परत येतोच.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी हा वेगळाच ताप. कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हरजवळ, फरशीला लागून असतं. वाळवून चालू झालं तरी गंज नंतर डोकं वर काढतो. ते बदललेलंच बरं.

एअरबॅग उघडल्यानंतर फक्त नवी बॅग बसवून भागत नाही. सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारे) बहुधा उडालेले असतात, कंट्रोल युनिटमध्ये धडकेची नोंद लॉक होते, आणि पुढचे सेन्सरही तपासावे लागतात. भंगारातली बॅग तर घेऊच नका. तिने पाणी पाहिलंय की नाही, हे बाहेरून कळत नाही.

जुनी गाडी घेताना इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा. दिवा पेटलाच नाही, तर बहुधा तो काढून टाकलाय किंवा त्यावर काळी टेप आहे. काही महाभाग त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात, मग इंजिन सुरू होताच दोन्ही एकदम विझतात. खरा दिवा इंजिन बंद असतानाही आपल्या वेळेला विझतो.