विंडोज ९८ चे गेम आजच्या लॅपटॉपवर: प्रोसेसर जपून निवडा

डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा गेम असेल तर डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम घ्या, काम झालं. एक्सपीच्या काळातला असेल तर व्हीएमवेअरमध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) विंडोज एक्सपी टाका. खरी अडचण १९९६ ते १९९९ च्या विंडोज गेमची. त्यांतल्या बऱ्याच गेमचा इन्स्टॉलर १६-बिटचा (जुन्या पद्धतीचा) असतो आणि ६४-बिट विंडोज तो उघडतच नाही. ‘कम्पॅटिबिलिटी मोड लावून बघा’ हा सल्ला तिथे काही कामाचा नाही.

व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएमवेअरसारख्याच प्रोग्राममध्ये विंडोज ९८ टाकायला सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. ९८ साठी त्याचे गेस्ट अ‍ॅडिशन्स (आतल्या विंडोजसाठीचे खास ड्रायव्हर) नाहीत आणि नव्या प्रोसेसरवर ९८ सुरू होतानाच अडकतं. त्यावर पॅच मिळतात, पण मुळात गेम खेळायचा असेल तर ८६बॉक्स हा जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम वापरा. ते जुना मदरबोर्ड, कार्डं, प्रोसेसर सगळं हुबेहूब उभं करतं, त्यामुळे ९८ ला ओळखीचं हार्डवेअर दिसतं.

८६बॉक्स आणि त्याचा रॉम संच (जुन्या बोर्ड-कार्डांच्या चिपमधले मूळ प्रोग्राम) वेगवेगळा उतरवावा लागतो. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मग सेटिंगमध्ये हे निवडा: सॉकेट ७ चा (जुन्या पेंटियमचा) मदरबोर्ड, ६४ एमबी रॅम, एस३ व्हर्ज डिस्प्ले, साउंड ब्लास्टर १६, २ जीबीची हार्ड डिस्क. या डिस्प्ले आणि साउंड कार्डांचे ड्रायव्हर ९८ मध्येच असतात, शोधत बसावं लागत नाही.

आता प्रोसेसर. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय, म्हणून सविस्तर सांगतो.

लोक यादीतला सगळ्यात दणकट, म्हणजे पेंटियम २, उचलतात. विंडोज सुरू होतं, डेस्कटॉप दिसतो, सगळं छान वाटतं. गेम लावला की आवाज फाटायला लागतो आणि गेम झटके देत चालतो. मग कुणी लॅपटॉपची रॅम वाढवतो, कुणी साउंड ड्रायव्हर बदलतो. दोन्ही व्यर्थ. नक्कल करायच्या प्रोसेसरचा सगळा भार तुमच्या मशिनच्या प्रोसेसरमधल्या एकाच कोरवर (गणित करणाऱ्या एका भागावर) येतो. बाकीचे कोर मोकळे असले तरी त्यांचा इथे उपयोग नाही.

८६बॉक्सच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत टक्के दिसतात, तिकडे लक्ष ठेवा. १०० दिसलं तर नक्कल खऱ्या वेगाने चाललीय. ७०-८० वर घसरलं की आवाज फाटणारच. हे टक्के मेनूवर बघू नका. गेममधल्या सगळ्यात गर्दीच्या दृश्यात, धूर-स्फोट चालू असताना बघा. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा, बॅटरीवर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

माझं मत ठाम आहे: पेंटियम एमएमएक्स १६६ (मेगाहर्ट्झ) पासून सुरुवात करा, डायनॅमिक रीकंपायलर (नक्कल वेगवान करणारी सेटिंग) चालू ठेवा. टक्के १०० वर टिकले तरच २००, मग २३३. घसरले तर मुकाट्याने एक पायरी खाली या. पूर्ण वेगाने चालणारा १६६ हा धापा टाकणाऱ्या पेंटियम २ च्या ४५० पेक्षा केव्हाही चांगला. कमी पडणारी ताकद प्रोसेसरकडून न मागता व्हूडू या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या जुन्या थ्रीडी ग्राफिक्स कार्डाकडून घ्या. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये व्हूडू चालू करा आणि त्याचे रेंडर थ्रेड (चित्र काढायच्या कामाचे वाटे) वाढवा. हे काम मात्र इतर कोरवर वाटलं जातं. ‘नीड फॉर स्पीड २ एसई’सारख्या थ्रीडीएफएक्सवर चालणाऱ्या गेमचा खरा रंग तिथेच दिसतो. ९८ मध्ये थ्रीडीएफएक्सचा मूळ ड्रायव्हर टाकायला विसरू नका.

९८ टाकताना सीडीवरचा विन९८ फोल्डर आधी सी ड्राइव्हवर उतरवा आणि सेटअप तिथूनच चालवा. नाहीतर प्रत्येक ड्रायव्हरला सीडी मागत राहील.

गेमच्या सीडीची प्रत काढताना सरसकट आयएसओ (सीडीवरच्या डेटाची एकाच फाइलमधली प्रत) करू नका. ‘क्वेक २’सारख्या गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतं आणि आयएसओमध्ये ते येत नाही. त्याऐवजी बिन-क्यू या दोन फाइलांची जोडी काढा, त्यात ऑडिओ ट्रॅकही येतात. ८६बॉक्स ती थेट वाचतं.

सगळं जमलं की ९८ रीतसर शट डाउन करा आणि गेम टाकायच्या आधीच हार्ड डिस्कच्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. एखाद्या गेमने विंडोज बिघडवलं तर ती प्रत परत जागेवर ठेवायची, नव्याने ९८ टाकत बसायचं नाही.