मडक्यातला स्पीकर : कुंभाराकडून घडवून घ्या, घरी जोडा

दुकानात मिळणारे बहुतेक स्पीकर चौकोनी असतात, कारण सपाट फळ्या यंत्रावर पटापट कापता येतात आणि खोकी ट्रकात एकावर एक रचता येतात. कानाचा त्यात फारसा विचार नसतो. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचे संशोधक हॅरी ओल्सन यांनी ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरमधला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून घेतलेली मोजमापं १९५१ साली प्रसिद्ध केली. गोलाचा आलेख सगळ्यांत सपाट आला, म्हणजे खालचे-वरचे सूर सारख्याच जोरात, घनाकृती पेटीच्या आलेखात मोठाले चढउतार. आवाजाची लहर पेटीच्या धारेपर्यंत पोचली की तिथून नव्याने फुटते आणि मूळ आवाजात मिसळते. गोलाला धारच नसते.

तरीही गोल स्पीकर विरळा, कारण लाकडातून गोल काढायचा म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मोठ्या कारखान्याला न परवडणाऱ्या अशा गोष्टी छोटे, स्वतंत्र कारागीर करतात, तेही हाताशी असेल ते सामान घेऊन. सीगफ्रीड लिंकविट्झ या नामवंत अभियंत्याने एलएक्समिनी हा स्पीकर नळजोडणीच्या पीव्हीसी पाइपात बसवला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरोघरी जोडला. आपल्या गोव्यात हाताशी काय आहे? कुंभार आहे. डिचोलीची कुंभारकी जुनी, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही मडकी मांडलेली दिसतात. शिवाय एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांची, पेटी आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत कडांना फुगते. भाजलेल्या मातीला ती भीती नाही.

ड्रायव्हर आधी, मडकं नंतर

उलट क्रमाने गेलात तर फसाल. मडक्याचं आकारमान ड्रायव्हर ठरवतो. आपल्याला हवा तो साडेतीन ते चार इंची फुल-रेंज, म्हणजे एकटाच खालपासून वरपर्यंतचा आवाज काढणारा. डेटन ऑडिओ, टँग बँड, मार्कऑडिओ, फॉस्टेक्स या कंपन्या असे ड्रायव्हर बनवतात. दमट हवेसाठी एक पथ्य पाळा: कोनाभोवतीची, म्हणजे आत-बाहेर हलणाऱ्या पडद्याभोवतीची, लवचिक कड रबराची असू द्या. फोमची कड आपल्या हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते.

ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातले दोन आकडे शोधा, क्यूटीएस (Qts, कोनाचं हेलकावणं किती आवरलं जातं ते) आणि व्हीएएस (Vas, कोनाच्या लवचिकपणाइतकी हवा, लिटरमध्ये). हिशेब सोपा आहे. ०.७०७ला क्यूटीएसने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. व्हीएएसला या उत्तराने भागलं की बंद पेटीचं आकारमान लिटरमध्ये मिळतं. समजा क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ५ लिटर आहे. ०.७०७ भागिले ०.५ म्हणजे १.४१४, त्याचा वर्ग २, वजा १ केल्यावर उरला १. म्हणजे पेटी हवी ५ लिटरची. आतून २२ सेंटिमीटर व्यासाच्या गोलात साधारण साडेपाच लिटर हवा मावते. ड्रायव्हरच्या चुंबकाने अडवलेली जागा वजा जाता आपलं काम नेमकं होतं. क्यूटीएस ०.६च्या वर गेलं तर मडकं रांजणाच्या वाटेला लागतं, तो ड्रायव्हर सोडून द्या.

मी बंद पेटीच म्हणतो, मागे भोक ठेवलेली बास-रिफ्लेक्स नाही. तिचा हिशेब नाजूक, आणि गोव्यात अशी उघडी नळी म्हणजे कुंभारमाशीला घराचं आमंत्रण. चतुर्थी येईपर्यंत ती मातीने लिंपून टाकते.

कुंभाराला काय सांगायचं

ऑर्डर पावसाळा संपल्यावर द्या. पावसात कच्चं मडकं नीट सुकत नाही, आणि घाईने भट्टीत गेलं की तडकतं. ड्रायव्हर सोबत न्या आणि मोजमापं कागदावर काढून न्या. "काका, मडकं आडवं ठेवायचं आहे, तोंड समोर आणि बूड मागे," इतकं सांगितलं की अर्धं काम होतं. उरलेलं असं:

गळा नको. काठ बाहेर वळवलेला नको, सरळ, सपाट आणि दोन सेंटिमीटर जाड हवा, कारण ड्रायव्हर त्यावरच बसणार. भिंत एक सेंटिमीटर जाड. हे ऐकून कुंभार बहुधा भुवया उंचावेल. पाण्याचं मडकं पातळ असावं लागतं, घुमट या वाद्याचं भांडं तर थापेसरशी घुमावं म्हणूनच घडवलेलं असतं. आपल्याला मात्र अजिबात न घुमणारं भांडं हवं आहे. तोंडाचा व्यास भाजल्यानंतर १० सेंटिमीटर भरला पाहिजे, म्हणजे आतलं काम करायला हात जेमतेम जातो. बुडाला, माती अजून ओलसर असतानाच, वायरीसाठी १२ मिलिमीटरचं भोक.

माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्के आकसते. म्हणून २२ सेंटिमीटर हवे असतील तर चाकावर साडेचोवीस घ्यावे लागतात, दहाच्या तोंडाला अकरा. नेमकं प्रमाण प्रत्येक मातीचं वेगळं, आणि ते कुंभाराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तुम्ही भाजल्यानंतरचं माप सांगा, ओलं माप त्याच्यावर सोडा.

मडकी दोन लागतात, सांगा चार. भट्टीत एखादं जातंच, आणि उरलेल्यांतून आकारमान जुळणारी जोडी निवडता येते. मापायला पाणी वापरू नका, माती ते पिते. कोरडे तांदूळ भरून लिटरच्या मापाने मोजा. प्रत्येकाला बोटाने टिचकी मारून ऐका. खणखणीत वाजलं तर भाजणं नीट झालंय. भद्द आवाज म्हणजे कुठेतरी चीर.

खणखणाट मारणे

आता गंमत अशी की ज्या खणखणाटावर मडकं पारखलं, तोच आपल्याला मारायचा आहे. तो राहिला तर गायकाच्या आवाजात मडकं स्वतःचा सूर मिसळेल. या कामात कंजुषी करू नका. माझ्या मते सगळ्या स्पीकरचं भवितव्य इथेच ठरतं.

आधी आतून बिटुमेन पेंटचे दोन हात द्या. भाजलेली माती सच्छिद्र असते, पेंटने ती हवाबंद होते आणि ओलही शोषत नाही. तो पूर्ण सुकला, वास गेला, की मोटारीच्या दारात आतून चिकटवतात तशा डॅम्पिंग शीटच्या पट्ट्या कापा. गोल पृष्ठभागावर चौकोनी तुकडा सुरकुततो, म्हणून पाकळीसारख्या निमुळत्या पट्ट्या घ्या, हेअर ड्रायरने कोमट करून दाबून बसवा. बूड आणि बाजू मिळून निम्मा भाग झाकला गेला तरी पुरे. पुन्हा टिचकी मारा. आता "टण"च्या जागी "टक" यायला हवं. नाही आलं तर आणखी पट्ट्या.

बाहेरून गोल जितका गुणी, आतून तितकाच त्रासदायक, आणि ही गोष्ट बरेच हौशी विसरतात. चौकोनी खोक्यात निदान लांबी, रुंदी, उंची वेगवेगळ्या असल्याने अनुनाद विखुरतात. गोलात सगळ्या भिंती केंद्रापासून सारख्याच अंतरावर, म्हणून ते एकाच जागी गोळा होतात. २२ सेंटिमीटरच्या गोलात पहिला अनुनाद १,००० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे ऐन गळ्याच्या पट्ट्यात. चाकावरचं मडकं किंचित लांबट झालं तर नाराज होऊ नका, ते फायद्याचंच आहे. बाकीचं काम भरणाने होतं: उशीत घालतात तो पॉलिस्टर फायबर पिंजून सैलसर भरा. कापूस नको, जुलैत त्याला बुरशी येते. काथ्याही टाळा.

जोडणी

काठ सपाट करायला गुळगुळीत फरशीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, मडकं पालथं घालून गोल गोल घासा. तोंडाला मास्क हवाच. भाजलेल्या मातीची धूळ फुप्फुसाला वाईट.

मातीत स्क्रू पिळायचा नाही, चीर जाते. सुताराकडून १२ मिलिमीटर मरीन प्लायची कडी कापून घ्या, आतला व्यास ड्रायव्हरच्या माहितीपत्रकाप्रमाणे, बाहेरचा मडक्याच्या काठाइतका. कडीच्या मागे टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट, ठोका आणि ती काठावर अ‍ॅरल्डाइटने चिकटवा. चोवीस तास वजन ठेवून विसरून जा. कडीची बाहेरची धार घासून गोल करा, नाहीतर ओल्सनचा गोल वाया गेला.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. बुडाच्या भोकातून बाहेर काढा आणि भोक एम-सीलने बंद करा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर टर्मिनल पितळी घ्या, खाऱ्या हवेत स्वस्त लोखंडी टर्मिनल लवकर गंजतं. महागड्या केबलींवर खर्च करू नका. ड्रायव्हर बसवताना खाली पातळ फोमची गॅस्केट घाला, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. मग कोन चार बोटांनी हळूच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर मडकं हवाबंद आहे. झटकन उसळला तर कुठून तरी हवा निसटते आहे, बहुधा वायरीच्या भोकातून.

बैठक आणि जागा

तयार मडकं तीन-साडेतीन किलोचं भरतं आणि गडगडतं. त्यावर उपाय घरातलाच: चुंबळ. कापडाची किंवा काथ्याची घट्ट चुंबळ स्टँडवर ठेवा आणि मडकं तिच्यात बसवा. कंपन खाली टेबलात उतरत नाही, आणि स्पीकरचं तोंड कानाच्या दिशेने हवं तसं वळवता येतं. तुम्ही खुर्चीत बसल्यावर ड्रायव्हर कानाच्या उंचीवर यावा.

आता खालच्या सुरांचं. साधारण २४ सेंटिमीटर बाहेरच्या व्यासाचा स्पीकर ५०० हर्ट्झच्या खाली आवाज फक्त पुढे न टाकता चारी बाजूंना सांडतो, त्यामुळे समोर बसलेल्याला तो पातळ वाटतो. जुन्या घरात चिऱ्याची जाड भिंत असेल तर स्पीकर तिच्यापासून वीतभर पुढे ठेवा, भिंत ती कमी बरीचशी भरून काढते. खोलीच्या मध्येच ठेवायचा असेल तर वायरीच्या वाटेत १.८ मिलिहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर ४.७ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर जोडा. ८ ओहमच्या ड्रायव्हरला हे चालतं. वरचा आवाज सुमारे ४ डेसिबलने खाली येतो आणि तोल जमतो.

अ‍ॅम्प्लिफायर छोटा पुरतो. टीपीए३११६ चिपचा क्लास-डी बोर्ड आणि २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घेतलात तर बैठकीच्या खोलीत आवाज कमी करा म्हणून घरचेच सांगतील.

हा स्पीकर ढोल-ताशांचा नाही. वरच्या उदाहरणातल्या ड्रायव्हरचा एफएस (Fs, त्याची स्वतःची नैसर्गिक कंप्रता) ९० हर्ट्झ असेल, तर मडक्यात बसल्यावर त्याचा आवाज १२७ हर्ट्झच्या खाली घसरू लागतो. डग्ग्याचा गुंजारव अर्धाच मिळेल. पण केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएम ध्वनिमुद्रिकांत मुळातच फार खालचं काही नाही, आणि गळ्याचा पट्टा हा स्पीकर एकाच ड्रायव्हरमधून, मध्ये कुठे सांधा न पडता काढतो. तिथे तो चांगल्या महागड्या पेट्यांना भारी पडतो. पखवाज आणि बास गिटारही हवी असेल तर पुढे सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर काढणारा स्पीकर, जोडा, त्याची सीमा १२० हर्ट्झला लावा आणि तो दोन्ही मडक्यांच्या मध्ये ठेवा, कोपऱ्यात नको. इतक्या वरच्या सीमेवर सबवूफर कुठे आहे हे कानाला कळतं.