डिसेंबर-जानेवारीचं फ्रेंच: ल्योंला नवीन आलेल्यांसाठी

सप्टेंबरात आलेली आपली मुलं तोपर्यंत भाजीवाला, बँक, प्रेफेक्त्युर (राहण्याच्या परवान्याचं सरकारी कार्यालय) सगळं निभावून नेतात आणि डिसेंबर लागला की पुन्हा गप्प होतात. शब्दांची यादी पाठ करत बसू नका. या दिवसांतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला तारीख आहे, त्या क्रमानेच घ्या.

पहिली तारीख ८ डिसेंबर. १८५२ साली फुर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीचा पुतळा बसवायचा होता सप्टेंबरात, पण सोन नदीला पूर आला आणि सोहळा ८ डिसेंबरवर गेला. त्या रात्री लोकांनी घरोघरी खिडक्यांत दिवे लावले, ते आजही लावतात. दिव्याला म्हणतात 'ल्युमिन्याँ': कंगोरेदार काचेच्या छोट्या ग्लासात बुटकी मेणबत्ती. सुपरमार्केटात मिळतात. दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या ठेवल्यात तरी कुणी नाक मुरडणार नाही, फक्त वाऱ्याला काचच टिकते. त्या रात्री शहराच्या मध्यभागी जाणार असाल तर मेट्रोची आशा सोडा, चालत जा.

याच सुमारास दारावर पोस्टमन कॅलेंडर घेऊन येतो, मग अग्निशमन दलाचे 'पाँपिए'. कॅलेंडरच्या बदल्यात जे द्यायचं ते 'एत्रेन', म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच. रक्कम ठरलेली नसते. "किती?" विचारलंत तर "कॉम व्हू व्हुले", तुमची मर्जी, असं उत्तर येतं आणि आपण आणखी गोंधळतो. खुशीने काय ते द्या. माणूस अनोळखी वाटला तर ओळखपत्र मागायला लाजू नका, तोतये फिरतात.

वीस तारखेच्या पुढे बेकरीतली बाई पाव हातात देताना "बॉन फेत", सणाच्या शुभेच्छा, म्हणेल. "मेर्सी, व्हू ऑसी", आभार, तुम्हालाही, एवढं उत्तर पुरतं. पण १ जानेवारी उजाडेपर्यंत "बॉनाने", म्हणजे नववर्षाच्या शुभेच्छा, म्हणू नका, बऱ्याच जणांना तो अपशकुन वाटतो. तोवर "बॉन फँ दाने", वर्षाचा शेवट छान जावो. एक तारखेनंतर मात्र "बॉनाने" प्रत्येकाला, त्या वर्षी पहिल्यांदा भेटेल तेव्हा एकदा, अगदी ३१ जानेवारीपर्यंत. म्हातारी माणसं त्याला हटकून जोडतात, "ए स्युर्तू, ला साँते", आणि मुख्य म्हणजे तब्येत! तुम्हीही जोडा, शेजारच्या आजी तुम्हाला लगेच आपलं म्हणतील. त्यांना 'व्हू'च, म्हणजे 'तुम्ही'च, म्हणायचं, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

'रेव्हेयाँ' म्हणजे २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं लांबलचक जेवण. कुणी बोलावलं तर जा. शाकाहारी असाल तर नुसतं "व्हेजेतारियाँ" म्हणून भागत नाही, पुढ्यात स्मोक्ड सामन मासा येतो. "नी व्हियाँद, नी प्वासाँ", ना मांस, ना मासे, असं आठवडाभर आधी सांगून ठेवा. 'ब्यूश' म्हणजे लाकडाच्या ओंडक्यासारखा केक. त्यात बरेचदा जिलेटिन असतं, तेही विचारून घ्या. पेला उचलताना, त्यात सफरचंदाचा रस असला तरी, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. नाहीतर टोकतात.

जानेवारीचा खरा वर्ग ऑफिसात भरतो, 'गालेत दे र्‍वा' कापताना. पापुद्र्यांच्या गोल गालेतमध्ये बदामाचं सारण आणि कुठेतरी लपवलेली 'फेव्ह', चिनीमातीची इवलीशी बाहुली. वयाने सगळ्यात लहान असेल त्याने टेबलाखाली शिरायचं. वर एक जण तुकड्यावर सुरी ठेवून "से पूर की?", हा कुणाला, विचारतो आणि खालून नाव येतं. इंटर्न असाल तर टेबलाखाली तुम्हीच. जोरात चावू नका, दात जाईल. फेव्ह निघाली की डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट चढतो आणि पुढची गालेत तुम्ही आणायची, म्हणून महिनाभर हे थांबत नाही. सारणात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी आधीच सांगावं.

थंडीचे शब्द मधेमधे येतच राहतील. 'फ्र्वा द कानार' म्हणजे कडाक्याची थंडी. कानार म्हणजे बदक. दोस्तमंडळींत "सा काय!" ऐकलंत तर दचकू नका, कुणी मराठीत प्रश्न विचारत नाहीये, नुसतं 'काय गारठलंय' म्हणतायत. बॉसपुढे मात्र तो वापरू नका. सकाळच्या बातम्यांत 'व्हेर्ग्ला' आला तर रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा थर आहे, सायकल घरीच ठेवा.

एक शब्द सणाचा नाही, पण भाड्याने राहणाऱ्याला ठाऊक हवा: 'त्रेव्ह इव्हेर्नाल'. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात भाडेकरूला सक्तीने घराबाहेर काढता येत नाही. भाडं थकलं तर ते माफ होत नाही, पण कुणी जानेवारीत सामान रस्त्यावर टाकण्याची धमकी दिली तर हे दोन शब्द स्पष्ट उच्चारा.