अकरावीच्या गणितात ५२

एका विषयात मार्क घसरले की चांगलं कॉलेज हातचं गेलं, असं आमच्याकडे घरोघरी धरून चालतात. मी सिंधुदुर्गातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे घसरलेला विषय बहुतेक वेळा माझाच असतो. दहावीला नव्वदच्या पुढे, तिठ्यावर अभिनंदनाचा बॅनर, आणि अकरावीला गणितात ५२. "मॅडम, आता माजा काय होवचा नाय," असं म्हणत पोरं स्टाफरूमच्या दारात येतात.

मी आधी विचारते, तुला जायचंय कुठे? कारण काही ठिकाणी मार्क मोजतात आणि काही ठिकाणी मार्कलिस्ट वाचतात. त्या ५२ चं वजन दोन्हीकडे वेगळं आहे.

मोजणाऱ्यांचं आधी उरकून घेते. राज्यातल्या इंजिनिअरिंगला, मग ते लोणेरे असो की पुणे, प्रवेशाची यादी मुख्यतः सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर लागते. बारावीला ठरावीक विषयांत किमान टक्के लागतात, खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४०. मेडिकलला नीट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर चालतो. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून खुल्या गटाला ५० टक्के पुरतात. दिल्ली विद्यापीठात एकेकाळी ९८-९९ टक्क्यांचे कटऑफ लागायचे, पण २०२२ पासून तिथेही सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली. या सगळ्यांत अकरावीचे मार्क कोणी मागत नाही. दहावीला तर आपलं बोर्ड सहापैकी चांगल्या पाच विषयांवर टक्केवारी काढतं, म्हणजे एक पडलेला विषय तिथेच झाकला जातो.

आयआयटीचं जरा निराळं आहे. जेईई ॲडव्हान्स्ड या प्रवेश परीक्षेत रँक आली तरी खुल्या आणि ओबीसी गटाला बारावीत पाच विषयांचे मिळून ७५ टक्के हवेत, नाहीतर आपल्या बोर्डातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शंभरातल्या वरच्या वीस जणांत, नाव हवं. पाच विषयांत एक भाषाही धरतात, बहुतेकदा इंग्रजी, आणि आमची पोरं नेमकी तिथे बेसावध असतात. हिशोब करून बघा: एका विषयात ५२ पडले तर उरलेल्या चारांत सरासरी ८१ पाहिजेत. अवघड आहे, अशक्य मुळीच नाही. पण मार्चमध्ये शिमगा आणि बोर्डाचे पेपर एकत्र येतात तेव्हा 'इंग्रजी काय, होतं पास' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब पेटीवर चिकटवून ठेवावा.

अकरावीचे मार्क यांतलं कोणीच मोजत नाही, म्हणून आमच्याकडे म्हण पडलीय की अकरावी म्हणजे आराम. बोर्ड नाही, कोणी विचारत नाही, दहावीचा शीण घालवा. एकदाच ही म्हण सगळ्यांच्या अंगाशी आली. २०२१ ला कोरोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लावताना दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत परीक्षांचे ४० टक्के धरले. तेव्हा अकरावीच्या चोपड्या शोधायला माळे धुंडाळले लोकांनी.

आता वाचणाऱ्या कॉलेजांकडे येते. अमेरिकेतली नावाजलेली विद्यापीठं या प्रकारात येतात. आपल्याकडे अशोकासारखी काही खासगी विद्यापीठंही मार्कांच्या जोडीला निबंध आणि मुलाखत बघतात. अमेरिकेचा अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातो. बारावीचा बोर्डाचा निकाल येतो मे महिन्यात. म्हणजे अर्ज वाचणाऱ्यासमोर नववी, दहावी आणि अकरावी एवढंच पूर्ण असतं. त्यातली अकरावी सर्वांत ताजी, शिवाय विषय सर्वांत अवघड. ज्या वर्षाला इथे कोणी विचारत नाही, त्याच वर्षावर तिथे बोट ठेवलं जातं. हे नवीन मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

आमच्या कॉलेजातल्या एका मुलीने असा अर्ज करायचं ठरवलं. गाव देवगडकडचं, दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, कॉलेजला रोज सकाळी वस्तीच्या एसटीने यायची. अकरावीला पहिल्या सत्रात गणितात ३८, वार्षिकला ६६, सरासरी ५२. पहिल्या सत्राचा तिचा पेपर मी पुन्हा काढून बघितला. आकडेमोड बिनचूक होती. शाब्दिक उदाहरणं मात्र कोरी. गणित येत होतं, इंग्रजीतला प्रश्न अंगावर येत होता.

अर्जात विद्यार्थ्याच्या भागाइतकाच शाळेचा भाग असतो. तिथे समुपदेशकाने, म्हणजे अमेरिकेत ज्याला कौन्सेलर म्हणतात त्याने, शाळेची माहिती आणि मुलाबद्दलचं पत्र द्यायचं असतं. आमच्याकडे कौन्सेलर कुठला? क्लार्क आणि प्राचार्य यांच्यामध्ये जो सापडेल तो. सापडले मी. शाळेच्या माहितीचं एक पान मी केलं: वर्गात किती मुलं, कुठले विषय मिळतात, मुलं कुठल्या माध्यमातून येतात, आणि अकरावीच्या गणितात साधारण किती मार्क पडतात. हा शेवटचा मुद्दा जरूर लिहायचा. ज्या वर्गात पहिला नंबर ७४ वर येतो तिथले ५२ आणि ज्या शाळेत निम्मा वर्ग ९० च्या पुढे असतो तिथले ५२ एक नव्हेत. वाचणाऱ्याला हे कळायला दुसरा मार्ग नाही. त्याने आपला तालुका नकाशावरही पाहिलेला नसतो.

विद्यार्थ्याला स्वतःचं काही जास्तीचं सांगायचं असेल तर कॉमन ॲपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, वेगळी जागा असते. मुलीने पहिल्यांदा लिहून आणलं ते वाचून मला घाम फुटला. आजीचं आजारपण, ओढ्याला आलेलं पाणी, निसर्ग चक्रीवादळ, गावात रेंज नाही, सगळं एका दमात. निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धन, दापोली, मंडणगडला धुऊन गेलं. देवगडकडच्या मुलीच्या ३८ मार्कांशी त्याचा काय संबंध? मी सगळं खोडायला लावलं. उरलं ते असं: दहावीपर्यंत मराठीतून शिकले, अकरावीला विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं, पहिल्या सत्रात ३८, वार्षिकला ६६, बारावीच्या पहिल्या सत्रात ८१. मध्ये काय केलं त्याचं एक वाक्य: रोज शाब्दिक उदाहरणं आधी मराठीत मांडून मग सोडवली. संपलं. रडगाणं नको, माफी तर नकोच. अर्थात खरं कारण मोठं असेल तर ते लिहावंच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात ज्यांच्या घरात पाणी शिरून वह्यापुस्तकं गेली, त्यांनी तारखेसकट लिहावं. ते कोणालाही पडताळून पाहता येतं.

वाचणारा त्या तीन आकड्यांत मुख्यतः चढ बघतो. ३८, ६६, ८१ हा क्रम आणि ८१, ६६, ३८ हा क्रम, सरासरी तीच, पण दुसऱ्याला कोणी वाली नाही. दुसरं, विषय कोणता तेही बघतात. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स मागणाऱ्याला गणितातले ५२ जड जातात; इतिहास किंवा अर्थशास्त्र मागणाऱ्याला कमी, पण अर्थशास्त्रातही गणित लागतंच. मार्क कमी पडले म्हणून बारावीला गणितच सोडून हलका विषय घेणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. इंजिनिअरिंगचा रस्ता तर तिथेच संपतो, आणि अर्ज वाचणारा म्हणतो, अवघड दिसलं की मूल बाजूला होतं.

काही पालक वेगळाच उपाय सुचवतात. अकरावीचे मार्क कॉलेजच्याच हातात असतात, मग "मॅडम, थोडे वाढवून द्या ना." मी देत नाही. तत्त्व बाजूला ठेवलं तरी व्यवहार बघा: अकरावीला ९० दाखवले आणि मे महिन्यात बोर्डाने ६० दिले, तर तिथे खुलासा कोण करणार? शिवाय तीच कॉलेजं पुढच्या वर्षी आमच्या दुसऱ्या मुलाचा अर्ज वाचतात.

त्या मुलीला काही ठिकाणांहून नकार आले आणि एका लहान कॉलेजातून शिष्यवृत्तीसह होकार आला. नकाराचं कारण कोणी कळवत नाही. गावात मात्र लगेच ठरलं की गणिताने घात केला. हार्वर्ड, एमआयटी या ठिकाणी शंभर अर्जांतले पाचसुद्धा घेत नाहीत. सगळ्या विषयांत ९५ असलेलीही ढिगाने परत येतात. अशा ठिकाणी नकार ५२ मुळे आला की दुसऱ्या कशामुळे, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा अर्जांची यादी करतानाच दोन-तीन आवाक्यातली कॉलेजं घालावीत आणि सीईटीचा फॉर्म भरलेला असावा. तिचाही भरलेला होता.

आणखी एक काम लक्षात ठेवा. अमेरिकेची बरीच कॉलेजं जानेवारी-फेब्रुवारीत बारावीच्या पहिल्या सत्राचे मार्क मागवतात आणि होकार दिल्यावरही बारावीचा अंतिम निकाल बघतात. तो फारच कोसळला तर दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतात. आपल्याकडे पहिल्या सत्राचे पेपर दिवाळीत तपासायला घरी जातात आणि कधीकधी गॅदरिंग झालं तरी परत येत नाहीत. म्हणून नोव्हेंबरातच वर्गशिक्षकांना गाठून सांगा की जानेवारीत सही-शिक्क्याची इंग्रजी मार्कलिस्ट लागेल, आणि तिच्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.